कडेला गेलेलं घर

"तुम्हाला यात दुःख दिसत नाही?"

आबांनी आपल्या ओसरीवर बसल्या बसल्या शेंग फोडली. दाणे तोंडात टाकले, टरफल सुपात टाकलं.

"आधी चष्मा शोधायला हवा," ते म्हणाले.

"कपाळावर आहे तुमच्या."

आबांनी चष्मा खाली ओढला आणि समोर ठेवलेल्या चित्राकडे पाहिलं.

वहीच्या पानाएवढा कागद. जलरंग. नदीकाठचं शेत, मागं गाव, वर आकाश. खाली कोपऱ्यात पेन्सिलीनं सही… मालन.

मालन चौगुले ही पद्मजाची आई. नवरा गेल्यावर, पन्नाशी उलटून गेल्यावर, तिनं पहिल्यांदा ब्रश हातात धरला. धरायला लावला तो शामराव तारळेकरांनी. गाव त्यांना आबा म्हणतं. पंचगंगेकाठच्या त्या गावात त्यांनी जन्मभर शाळेत चित्रकला शिकवली आणि आता दर रविवारी ते मोठ्या माणसांना नदीवर नेऊन बसवतात.

पद्मजाही त्यांचीच विद्यार्थिनी. गावच्या शाळेतली. पुढं ती मुंबईला गेली, तिथून एडिनबरोला. चित्र कसं वाचायचं, याचा अभ्यास करून ती नुकतीच घरी परतली होती.

"क्षितिज कुठं आहे बघा," ती म्हणाली. "पार तळाला. सगळा कागद आकाशानं खाल्लाय. माणसाला आपण कुणीच नाही असं वाटायला लागलं की चित्रात असं आकाश येतं."

"बरं."

"रंग बघा. सगळीकडं निळसर करडा. ऊबदार रंग औषधालासुद्धा नाही."

"मालनवहिनी पाणी बदलत नाहीत," आबा म्हणाले. "दर रविवारी माझा घसा बसतो सांगून सांगून. पाणी बदला, पाणी बदला. ऐकतंय कोण? त्याच गढूळ पाण्यात ब्रश बुडवत बसतात."

"आबा, मी गंभीरपणे बोलतेय."

"मी पण."

पद्मजानं चित्रावर बोट ठेवलं. कागदाला लागू न देता, शिकलेल्या माणसासारखं.

"आणि हे आमचं घर. मध्ये नाही. उजव्या कडेला. अर्धं तर कागदाबाहेर गेलंय. ज्या घरात आयुष्य काढलं, ते माणूस कडेला का ढकलेल? मधोमध काय आहे? काहीच नाही. ही पायवाट डावीकडं निघून जाते आणि तिच्यावर चिटपाखरू नाही."

"एवढं सगळं आहे होय यात?" आबा म्हणाले. "कागद तर केवढासा."

"माझे तिकडचे शिक्षक म्हणायचे, पद्मजा चित्रासमोर उभी राहिली की चित्रकार कबुलीजबाब देतो."

"मग पोलिसात जायचं होतंस."

पद्मजा हसली नाही.

"आईला मी इथून नेतेय," ती म्हणाली.

आबांचा हात सुपावरच थांबला.

"पुण्यात मला एका कलादालनात काम मिळतंय. दोन खोल्यांचं घरही बघून ठेवलंय. सोमवारी त्यांना होकार कळवायचाय. आईला सोबत नेणार."

"आणि समोरची खोली? गावाला चित्रं दाखवणार होतीस ना तू? वहिनी सांगत होत्या. बाया येतील, शाळेतली पोरं येतील, भिंतीवर चित्रं असतील, त्यांच्यासमोर बसून सगळे बोलतील… असं काहीतरी."

"ते राहू दे आता."

"का?"

"जिनं मला वाढवलं ती आतून कोमेजत चाललीय आणि मी गावाला चित्रं बघायला काय शिकवू?"

यात खोटं काही नव्हतं. त्या खोलीचं स्वप्न तिनं परक्या शहरातल्या थंडीत, परक्या भिंतींच्या आड जपलं होतं. ते आता सोडताना तिला दुःख होत होतं, आणि आपण ते सोडू शकतो याचा थोडा अभिमानही वाटत होता.

"तुम्ही तिला सांगा," ती म्हणाली. "तुमचं ऐकते ती."

"तू विचारलंस तिला?"

"काय?"

"कशी आहेस म्हणून."

"विचारून काय होणार? इतकी वर्षं फोनवर एकच. मी मजेत आहे, तू जेवलीस का? पुण्याला येतेस का विचारलं तर म्हणेल, तू म्हणशील तसं. शब्दांमागं माणसाला लपता येतं, आबा. चित्रात नाही लपता येत. चित्र खोटं बोलत नाही."

"हे कुणी सांगितलं तुला?"

"तुम्ही. सातवीत."

आबांनी आणखी एक शेंग फोडली.

"सातवीच्या वर्गात मी काहीही बोलायचो," ते म्हणाले. "घंटा व्हायला वेळ असायचा."

मग त्यांनी शेंगांची धूळ धोतराला पुसली, चित्र हातात घेतलं आणि घरावर अंगठा ठेवला.

"आता?"

"आता तर फारच ओसाड. टेकायलाही काही उरलं नाही."

त्यांनी अंगठा काढला आणि तळहातानं बरंचसं आकाश झाकलं.

"आता?"

पद्मजानं डोळे बारीक केले. "आता कोंडल्यासारखं वाटतं. घुसमट आहे. थोडा रागसुद्धा."

"हात माझा," आबा म्हणाले, "आणि राग वहिनींचा?"

पद्मजानं त्यांचा हात चित्रावरून बाजूला केला. ती हरली नव्हती.

"हात तुमचा होता म्हणूनच," ती म्हणाली. "आईनं आकाश झाकलं नाही. मोकळं ठेवलं. ते ठेवणं तिचं आहे. त्याला काही अर्थच नाही असं तुम्ही म्हणूच शकत नाही."

आबांनी मान वर केली. पहिल्यांदाच नीट तिच्याकडे पाहिलं.

"नाही म्हणत," ते म्हणाले. "उद्या रविवार आहे. लवकर ये. कागद आण."

"मी काढत नाही आता. मी बघते."

"कागद आण."

*

सकाळी आबा तिला बाकीच्यांच्या आधी नदीवर घेऊन गेले. जुन्या पंपघराशेजारी करंजाचं झाड होतं. त्याच्याखाली बसून बसून गवत दबलेली एक जागा होती.

"वहिनींची जागा," आबा म्हणाले. "बस."

पद्मजा बसली.

समोर तेच शेत होतं. ऊस तुटून गेलेला, जमीन सपाट, त्यामुळं क्षितिज पायाशी आल्यासारखं. डावीकडं पायवाट. उजवीकडं गाव. करंजाचं खोड आडवं येत होतं आणि त्याच्या कडेनं पद्मजाचं घर अर्धंच दिसत होतं.

"आई थोडी डावीकडं सरकली असती तर खोडाआडचं घर अख्खं दिसलं असतं," ती म्हणाली.

"सरक."

ती उठून डावीकडं गेली. तिथं म्हशी नदीवर उतरायच्या. तिचा पाय घोट्यापर्यंत चिखलात गेला. ती परत येऊन मुकाट्यानं करंजाखाली बसली आणि पाय गवताला पुसू लागली.

आबांनी दुसरीकडं पाहिलं. खांदे मात्र हलत होते.

मग वारा फिरला.

शेताच्या पलीकडं गुऱ्हाळ होतं. चुलवण नुकतंच पेटलं होतं आणि धूर वर न जाता शेतावर आडवा पसरत होता. निळसर करडा. झाडांवरून, छपरांवरून, आकाशापर्यंत. त्याच्यासोबत उकळत्या रसाचा वास आला. गोड, थोडा करपलेला, लहानपणीचा.

पद्मजा ताडकन उठून उभी राहिली.

"आबा! हा रंग… हा तो रंग आहे!"

"होय."

"हे दुःख नाही! हा गुऱ्हाळाचा धूर आहे. एवढ्या गोड वासात बसून आई चित्र काढत होती. म्हणजे मी सगळं उलट वाचलं. तिचं मन रमलंय इथं. ती सुखात आहे!"

"काल दुःखात होती."

"काल मला हे माहीत नव्हतं."

"काल रंग बघून तिला रडवलंस. आज वास घेऊन हसवलंस." आबा खाली बसले आणि पाठ खोडाला टेकली. "एका रात्रीत वहिनींना किती पळवतेस गं? त्यांचे गुडघे दुखतात."

पद्मजाचा चेहरा उतरला.

"मग चित्रातून काहीच कळत नाही, असं म्हणायचंय तुम्हाला? मी एवढी वर्षं घालवली ती…"

"कळतं की."

"काय कळतं?"

आबांनी तिच्या मांडीवरच्या कोऱ्या कागदाकडे बोट दाखवलं.

"काढ."

*

मालनताई आल्या तेव्हा ऊन वर आलं होतं. एका हातात रंगांची पेटी, दुसऱ्या हातात भाकरीची फडकी.

"ही कशी काय आज?" त्यांनी आबांना विचारलं. "आणि पायाला काय झालं तिच्या?"

"म्हशींच्या वाटेवर अभ्यास करत होती."

"मास्तर, पोरीला नका छळू."

"मी कुठं? म्हशींना विचारा."

मालनताई आपल्या जागी बसल्या. पद्मजा थोडी पुढं, त्यांच्या उजव्या हाताला सरकली. रविवारची बाकीची मंडळी नेहमीसारखी खाली, घाटाच्या पायऱ्यांवर बसली होती. त्यांचं बोलणं अधूनमधून वाऱ्यावर येत होतं.

पद्मजानं पाण्यासाठी काही आणलं नव्हतं. मालनताईंनी आपला डबा दोघींच्या मध्ये ठेवला.

ब्रश डब्याच्या कडेवर आपटल्याचा आवाज येई, कधी आईचा, कधी मुलीचा.

पद्मजा मन लावून काढत होती. तिनं ठरवलं होतं, घर मध्ये घ्यायचं. करंजाचं खोड आड येत होतं, ते तिनं काढलंच नाही. जे दिसत नव्हतं ते आठवून काढलं. परसातला गुलबक्षीचा वाफा. दाराची निळी चौकट. उंबऱ्याजवळ वडिलांनी बसवलेली वेगळ्या रंगाची फरशी. वाळत घातलेलं आईचं लुगडं. तांबडा, पिवळा, केशरी… सगळे ऊबदार रंग तिनं हात न आखडता वापरले.

ऊन करंजाखाली शिरलं तेव्हा आबांनी टाळी वाजवली.

आता रविवारचा रिवाज होता. चित्रं जमिनीवर ठेवायची आणि दुसऱ्याच्या चित्राबद्दल जे वाटेल ते बोलायचं. स्वतःच्या चित्राबद्दल मात्र कुणी अवाक्षर काढायचं नाही. हा आबांचा एकमेव नियम. तो मोडणाऱ्याला पुढच्या रविवारी सगळ्यांचे ब्रश धुवावे लागत.

"खालच्यांचं नंतर बघू. आधी हिचं," आबा म्हणाले.

मालनताई लेकीच्या चित्रासमोर बसल्या. गुडघ्यावर हात ठेवून, जरा वाकून. त्यांनी फार वेळ पाहिलं.

पद्मजा वाट बघत होती. घर मधोमध होतं. रंग सगळे उजळ होते. तिच्या अभ्यासाप्रमाणं या चित्रात स्थैर्य होतं, माया होती, आणि दुसरं काहीही नव्हतं.

"तू जाणार आहेस," मालनताई म्हणाल्या.

पद्मजानं आबांकडे पाहिलं. आबांनी मान हलवली… मी नाही सांगितलं.

"कशावरून, आई?"

"सगळं घेतलंयस की यात." त्यांनी बोटानं दाखवलं. "फरशीसुद्धा. चौकटसुद्धा. राहणारं माणूस घराकडं असं बघत नाही गं. जाताना बघतं. काही विसरायला नको म्हणून."

पद्मजानं आपल्याच चित्राकडे पाहिलं. जणू ते दुसऱ्या कुणी काढलं होतं.

"कधी?" मालनताईंनी विचारलं.

"मी एकटी नाही जाणार. तुला घेऊन जाणार आहे. पुण्याला."

"मला? का?"

"तू इथं एकटी आहेस."

"कोण म्हणालं?"

"तुझं मागचं चित्र. आकाश केवढं, घर कडेला, मध्ये कुणीच नाही…"

मालनताईंनी तोंड उघडलं. मग आबांकडे पाहिलं.

"मास्तर, स्वतःच्या चित्राबद्दल बोलायचं नाही ना?"

"नाही."

"मागच्या रविवारच्यासुद्धा?"

"कुठल्याच नाही."

"मग नाही बोलत. एवढे ब्रश कोण धुणार?" त्यांनी पदरानं घाम पुसला. "पण माझ्याबद्दल बोललं तर चालतं?"

"ते तुमचं तुम्ही बघा."

मालनताईंनी शेताकडे पाहिलं. गुऱ्हाळाचा धूर आता विरळ झाला होता.

"एकटं वाटतं," त्या म्हणाल्या. "नाही असं नाही. संध्याकाळी दिवा लावला की वाटतं. ताट एकच घ्यायचं म्हटलं की वाटतं. पण पुण्यात तू सकाळी कामाला गेलीस की मी काय करू? तिथं दिवसभर वाटेल. इथं निदान दिवसा माणसं आहेत, नदी आहे, हे मास्तर ओरडायला आहेत."

"तू मला कधी सांगितलं नाहीस."

"तू विचारलंस कधी?"

"विचारलं तर म्हणतेस, मजेत आहे."

"मग काय सांगू? तू तिकडं एवढ्या लांब. मी इकडं रडू, तू तिकडं रड. फोन कशाला तेवढ्यासाठी?"

पद्मजा ब्रशचं टोक बोटांनी पिळू लागली.

"समोरची खोली रिकामी केलीय मी," मालनताई म्हणाल्या. "तुझ्या बाबांचं कपाट आत घेतलं. भिंतींना चुना लावून घेतला. म्हटलं, पोरगी आली की चित्रं लावेल. आल्यापासून तू त्या खोलीत पाऊल टाकलं नाहीस. दार लोटलेलंच आहे."

"मला वाटलं, तू बंद ठेवलीयस. करमत नाही म्हणून."

"ओल्या चुन्याला कुणी टेकू नये म्हणून लोटलंय."

घाटावर कुणीतरी मोठ्यानं हसलं.

"मला का नाही विचारलंस, आई? राहणार का म्हणून?"

"विचारलं तर तू म्हणशील, बघू." मालनताई रंगांची पेटी मिटू लागल्या. "ते 'बघू' मला ऐकायचं नव्हतं."

पद्मजानं खाली पाहिलं. समोर आईचं आजचं चित्र होतं. अजून कुणी त्याकडे वळलंच नव्हतं.

तेच शेत. तेच तळाला गेलेलं क्षितिज. तेच मोठं, निळसर करडं आकाश. उजव्या कडेला मात्र या वेळी घर नव्हतं. तिथं काहीतरी काळसर होतं. आधी तिला ते करंजाचं खोड वाटलं. मग तिनं वेणीचा पीळ ओळखला. खांद्याची रेघ ओळखली.

ती स्वतःच होती. अर्धी कागदावर, अर्धी कागदाबाहेर.

"आई… मी अशी कडेला का?"

मालनताईंनी आबांकडे पाहिलं. आबांनी नकारार्थी मान हलवली. मालनताईंनी ओठ मिटून घेतले. पण त्यांची नजर लेकीवरून हलली नाही.

पद्मजा बराच वेळ त्या कडेकडे बघत राहिली. काहीतरी म्हणावं म्हणून तिनं एकदा बोट उचललं. मग ते खाली घेतलं.

"आबा," ती म्हणाली. आवाजात आता कालची धार नव्हती. "उद्या सोमवार. मी पुण्याला काय कळवू?"

आबा उठले. धोतराला लागलेलं गवत झटकलं. दोघींच्या मध्ये ठेवलेल्या डब्यात वाकून पाहिलं. तांबडा, पिवळा, निळा, करडा… सगळं मिळून त्या पाण्याला आता कसलाच रंग उरला नव्हता. तळही दिसत नव्हता.

त्यांनी डबा उचलला, मालनताईंच्या हातात दिला आणि पद्मजाचा हात धरून तिला उठवलं.

"पाणी गढूळ झालंय," आबा म्हणाले. "दोघी जा. बदलून आणा."